काथीचा दुसरा डोस

सोफा दुकानात आला तेव्हा त्याच्या पोटात मांजराचं पिल्लू आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जुना, अवजड सोफा. मालकाने तो कित्येक महिने मागच्या अंगणात टाकून दिला होता आणि घरी पाहुणे येणार म्हटल्यावर एकदम आठवण होऊन नवं कापड चढवायला पाठवला होता. दुकान चालवणाऱ्या दोन बहिणींपैकी थोरलीने नेहमीसारखा तो उलटा केला, खालचं कापड टराटरा फाडलं, बारीक खिळे उपटून डब्यात टाकले आणि काथ्या बाहेर ओढायला आत हात घातला, तोच आतून कोणीतरी तिच्या बोटाला कडकडून चावलं. दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. थोरलीने हात तसाच आत ठेवला, चावणाऱ्याला चावू दिलं आणि दुसऱ्या हाताने त्याची मानगूट धरून त्याला उजेडात काढलं.

मूठभर जीव. रंग काथ्याचा, डोळे चिपडांनी चिकटलेले, अंगावर नुसती हाडं आणि पोट मात्र टम्म फुगलेलं. आईचा पत्ता नव्हता. थोरलीने मालकाला फोन केला, तर तो म्हणाला, "अहो, द्या फेकून कुठेतरी."

"सोफा तुमचा आहे," थोरली म्हणाली, "पिल्लू आता दुकानाचं आहे." आणि फोन ठेवून दिला.

हे तिच्या स्वभावाला धरूनच होतं. दुकान वडिलांचं. आलेली वस्तू आल्यापेक्षा वाईट अवस्थेत दारातून बाहेर जाता कामा नये, एवढाच नियम त्यांनी घालून दिला होता आणि थोरली तो शपथ घेतल्यासारखी पाळायची. तिची बोटं दाभणाने टोचून टोचून इतकी राठ झाली होती की गरम कपबशी ती सहज उचलायची. लग्न तिने केलं नाही. धाकटीने केलं आणि काही वर्षांनी ते मोडून ती परत दुकानात आली. खाली दुकान, वर दोन खोल्या, एका मोठ्या टेबलाच्या एका टोकाला थोरलीचं कापणं-ठोकणं आणि दुसऱ्या टोकाला धाकटीचं शिलाई मशीन. गिऱ्हाइकं एकीला ताई म्हणायची, दुसरीला छोट्या ताई. छोट्या ताईंच्या केसांत आता काळ्यापेक्षा पांढरे जास्त होते, पण एकदा पडलेलं नाव कोण बदलणार?

आणि या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण साधं नव्हतं. धाकटीने एका मोठ्या हॉटेलच्या खुर्च्यांचं काम आणलं होतं. स्वतः जाऊन, गोड बोलून, शब्द देऊन आणलं होतं, आणि दुकानात एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. हॉटेलवाल्यांनी फोम पाठवला तो जुना, कुजका, आतून भुगा झालेला. थोरलीने तो दाबून पाहिला, वास घेतला, आणि धाकटी दुपारी जेवायला वर गेलेली असताना हॉटेलात फोन करून काम परत केलं. धाकटी खाली आली तेव्हा खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. ती एकच वाक्य बोलली, "माझा शब्द तू माझ्या माघारी मोडलास." त्यानंतर तिने थोरलीशी बोलणं सोडलं, त्याला आता कित्येक वर्षं झाली होती. थोरलीचं नाक तर जन्मापासूनच वर. मी काय वाईट केलं, या एका मुद्द्यावर ती अडून बसली ती बसलीच.

पण पोटासाठी दुकान तर चालवायचं. मग दोघींनी एक रीत शोधून काढली. थोरली समोरच्या खुर्चीला सांगायची, "तुला उद्या द्यायचंय बाई, पण तुझी पाठ अजून शिवून झालेली नाही." धाकटी मशीनला सांगायची, "धागा संपलाय रे, पण आणणार कोण?" खुर्च्या आणि मशीन ऐकून घेत. नवं गिऱ्हाईक या बायकांना वेड लागलंय की काय अशा नजरेने बघायचं. जुन्यांना सवय झाली होती.

पिल्लू आल्यावर या रीतीला बहर आला. खुर्ची कितीही झालं तरी तोंड वर करून बघत नाही. हे बघायचं, वर 'म्यांव' म्हणून उत्तरही द्यायचं. त्याचं नाव काथी पडलं. ते ठेवायला दोघींना बोलावं लागलं नाही. थोरलीने एकदा हाक मारली, दुसऱ्या दिवशी धाकटीने तीच मारली, झालं बारसं. दोघी तिच्या मावश्या.

"काथे, तुझ्या धाकट्या मावशीला सांग, दूध उतू जातंय."

"काथे, मोठ्या मावशीला म्हणावं, नाक माझंही शाबूत आहे."

पहिल्याच आठवड्यात थोरली तिला फळ्यांच्या खोक्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर उंच, वाकलेला, तोंडावर कायम झोप, पण हात मोठे जपून चालणारे. प्रत्येक जनावराला तो मानाने बोलवायचा. "या बाईसाहेब," म्हणत त्याने काथीला वजनकाट्यावर ठेवलं, जीभ पाहिली, पोट चाचपलं.

"लस टोचून टाका," थोरली म्हणाली. तिला सगळं एका फेरीत उरकायची सवय.

"आज नाही. बाईसाहेब लहान आहेत अजून, आणि हे पोट दुधाने फुगलेलं नाही, जंतांनी फुगलंय. आधी ते काढू. अंगात थोडं बळ येऊ दे, मग लस." त्याने पहिला डोस तिथेच दिला. मग एक छोटी बाटली आणि बिनसुईची सिरिंज थोरलीच्या हातात ठेवली. "दुसरा डोस दोन आठवड्यांनी, घरीच द्या. या रेघेपर्यंत. जास्त थेंबसुद्धा नको, जीव केवढासा आहे बघताय ना? त्याच्या पुढच्या आठवड्यात लसीला या. आणि तोवर हिला बाहेर सोडू नका. मांजरांत एक आजार फिरतो. पिल्लाला उलट्या सुरू होतात, अंग टाकतं, आणि दोन-तीन दिवसांत संपतं. लस त्याच्यासाठीच असते."

संपतं हा शब्द थोरलीच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. त्या संध्याकाळी तिने दुकानाची फरशी औषध घालून पुसली आणि दाराशी चपला काढायची सक्ती केली. एक जाडजूड गिऱ्हाईक कुरकुरलं, "देऊळ आहे का हे?" तेव्हा थोरलीने हातातली कात्री खाली न ठेवता सांगितलं, "लस होईपर्यंत तसंच समजा." त्याने मुकाट्याने बूट काढले. पायमोज्याला भोक होतं म्हणून कुरकुरत होता, एवढंच.

औषधाचा गुण आला. चार दिवसांत काथीचं पोट उतरलं, डोळे उघडले आणि ती स्प्रिंगांच्या ढिगावर चढून पडायला लागली. वाळूच्या ट्रेमध्ये पहिले जंत धाकटीला दिसले. "सांग गं मोठ्या मावशीला," ती नाक दाबून काथीला म्हणाली, "निघाले!" थोरली धावत आली, ते किळसवाणं दृश्य मन भरून पाहिलं, आणि एवढी खूश झाली की दुपारचा चहा तिने स्वतः धाकटीच्या मशीनपर्यंत नेऊन ठेवला. बोलली अर्थात नाही.

दुसऱ्या डोसच्या आदल्या संध्याकाळी मात्र ठिणगी पडली. काथी टेबलावर दोघींच्या मध्ये बसून दोऱ्याच्या रिळाशी झटापट करत होती.

"काथे, उद्या तुझं औषध," थोरली म्हणाली. "डॉक्टरांनी ते मला समजावून सांगितलंय, हे तिकडे सांगून ठेव."

"काथे, वाचता मलाही येतं म्हणावं. बाटलीवर लिहिलंय."

"बाटलीवर सगळं लिहिलेलं नसतं, म्हणावं. काही गोष्टी अनुभवानं कळतात."

"हो ना. अनुभव सगळा एकीकडेच आहे या घरात, बाकीच्यांना काय कळतंय!"

थोरली पुढचं बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात रीळ खाली पडलं, त्याच्यामागे काथीने उडी मारली आणि ती कपाटाखाली दिसेनाशी झाली. मध्यस्थच उठून गेला, आता बोलायचं कोणाशी? थोरलीने तोंड मिटलं. धाकटीने मशीनवर झाकण घातलं. औषध नेमकं कोणी द्यायचं, हा मुद्दा तसाच टेबलावर राहिला आणि दोघी जिना चढून झोपायला गेल्या.

सकाळी थोरली कापडबाजारात गेली. परत येईपर्यंत दुपार होत आली होती. धाकटी उशांचे अभ्रे मोजून पिशवीत भरत होती, गिऱ्हाइकाकडे पोचवायला. तिने मान वर केली नाही आणि निघून गेली. थोरलीने मांडणीवरची बाटली काढली. सिरिंज ओली होती. धाकटीने धुऊन ठेवली असेल, तिने मनात म्हटलं, चला, एवढं तरी सुचलं. तिने रेघेपर्यंत औषध भरलं, काथीला फडक्यात गुंडाळलं आणि गालाच्या कडेने हळूहळू सोडलं. काथीने तोंड वेडंवाकडं केलं, लाथा झाडल्या. "झालं, झालं. आता राहिली फक्त लस," थोरली तिला म्हणाली, आणि खूप दिवसांनी कामाला बसताना तिच्या ओठांवर गाणं आलं.

खुर्चीची एक बाजू ठोकून होईस्तोवर काथी तिच्या पायाशी येऊन पडली. तोंडातून लाळेची तार. मग उलटी. मग आणखी एक, नुसता फेस. थोरलीने उचललं तर मान लुळी पडली. उलट्या सुरू होतात, अंग टाकतं. तिने हातोडी जमिनीवर टाकली, काथीला तिच्याच खोक्यात ठेवलं, शटर ओढलं आणि रस्त्याने जवळजवळ पळत सुटली. खिळ्यांचा ॲप्रन अंगावरच राहिला होता, चालताना तो खुळखुळत होता आणि लोक वळून बघत होते. बघू देत.

डॉक्टरच्या तोंडावरची झोप त्या दिवशी एका क्षणात उडाली. त्याने ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या.

"औषध कधी दिलंत?"

"मघाशी. दुपारी. तुम्ही सांगितलंत तसं, रेघेपर्यंत. माझ्या हातानं दिलं."

"एकदाच?"

"एकदाच म्हणजे काय? मी काय दोनदा देईन?"

"तेवढ्याने हे होणार नाही." तो म्हणाला. "मग हा तोच आजार असू शकतो. लस झालेली नाही. तपासतो, पण तपासणी दर वेळी खरं सांगतेच असं नाही, आणि थांबायला वेळ नाही. तो आजार असेल तर आत्ता जोरदार औषधं सुरू करावी लागतील. पण पोटात जंताचं औषध जास्त गेलेलं असेल, तर त्या जोरदार औषधांनीच ती जाईल. मग नुसतं सलाइन, ऊब आणि नजर ठेवणं, एवढंच करायचं. म्हणून नीट आठवा. घरात आणखी कोण असतं?"

"बहीण."

"तिने दिलं नाही ना?"

"नसेल दिलं."

"नसेल नको मला," डॉक्टर म्हणाला. "हो किंवा नाही. विचारा."

ओली सिरिंज थोरलीच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तिने ॲप्रनच्या खिशातून फोन काढला. खिळ्यांतून तो बाहेर काढायला तिला जड गेलं. तिने दुकानाचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. धाकटी परत आली असेल का? शटर उघडलं असेल का?

"बोला," पलीकडून धाकटीचा दमलेला आवाज आला. "काय शिवायचंय?"

सवयीने थोरलीची मान खाली वळली आणि ती पुटपुटली, "काथे, विचार गं तिला..."

काथी टेबलावर डोळे मिटून पडली होती. तिला काही ऐकू जात नव्हतं. डॉक्टर थोरलीकडे बघत होता. खोलीत खुर्ची होती, काटा होता, औषधांचं कपाट होतं, आणि यांतलं कोणीही तिच्यासाठी विचारायला येणार नव्हतं.

"कोण बोलतंय?" धाकटी म्हणाली. "हॅलो?"

"चिंगे," थोरली म्हणाली. लहानपणीचं नाव. किती वर्षांनी उच्चारलं, देव जाणे. "मी बोलतेय. तुझ्याशी बोलतेय. काथीला सकाळी औषध तू दिलंस का?"

थोरलीने फोन कानावर आणखी दाबला.

"दिलं," धाकटी म्हणाली. मग घाईघाईने, "ताई, तू नाही ना दिलंस?"

"दिलं गं. मीही दिलं."

"अगं बाई! दवाखान्यात आहेस ना? काय झालंय तिला? थांब तिथेच, मी आले."

थोरलीने डॉक्टरला सांगायच्या आधीच त्याने सलाइनची बाटली अडकवली होती.

धाकटी आली ती खडूने भरलेल्या हातांनी, केसांत दोऱ्याचे तुकडे, पायात दोन वेगळ्या चपला. बाहेरच्या बाकावर थोरलीशेजारी बसली. आत डॉक्टर काथीच्या अंगाखाली गरम पाण्याची पिशवी सरकवत होता. दाराच्या काचेतून फक्त त्याची वाकलेली पाठ दिसत होती. दोघींचाही जीव टांगणीला लागला होता.

"मला विचारलं असतंस तर?" धाकटी म्हणाली.

"तू तरी कुठे विचारलंस?"

"नाही विचारलं. माझंही चुकलं. पण मी आजचंच म्हणत नाहीये."

थोरलीने ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि मुठीत खिळे घट्ट आवळले. ती हार मानणाऱ्यांतली नव्हती, आणि खोटं बोलणाऱ्यांतलीही नव्हती. "त्या खुर्च्या परत पाठवल्या ते बरोबरच होतं," ती म्हणाली. "तो फोम भरला असता तर वर्षभरात आपल्या नावाने लोक खडे फोडत बसले असते. आज पुन्हा तेच करीन." धाकटीने तोंड दुसरीकडे वळवलं. "पण तुला न विचारता पाठवल्या, ते चुकलं. तू वर जेवत होतीस. एक जिना चढायचा होता. मला वाटलं, हिला काय विचारायचं, मला कळतंय ना. तुझं नाक कापलं मी, चिंगे. तेव्हाच कळलं होतं मला. कबूल करायला तोंड उघडत नव्हतं."

धाकटीने पदराने डोळे पुसले, त्यामुळे खडू सगळ्या तोंडाला लागला. "फोम कुजका होता हे मलाही दिसलं होतं," ती म्हणाली. "वर जेवताना मी तोच विचार करत होते, की ताईला सांगू, परत करू. खाली आले तर टेम्पो भरलेला. मग जास्तच राग आला बघ."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं ती ज्या मुद्द्यावर अडून बसली होती, त्या मुद्द्यावर दोघींचं एकमतच होतं. तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्याने तिला जोराची उचकी लागली.

संध्याकाळी काथीने डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरच्या बोटाला चावा घेतला, तेव्हा तो म्हणाला, "बाईसाहेब बऱ्या आहेत, घेऊन जा." मात्र लस त्याने पुढे ढकलली. वजन वाढू दे, मग बघू.

मग दोघींनी कंबर कसली. उकडलेल्या मांसाचे बारीक तुकडे, थोडंसं अंडं, हे सगळं दिवसातून किती वेळा द्यायचं यावरून त्या तोंडाला तोंड देऊन भांडायला लागल्या. मध्ये कोणी नसल्याने भांडण आता लवकर संपायचं. गिऱ्हाइकं चक्रावून गेली. तो भोकाच्या पायमोज्याचा माणूस आपली खुर्ची न्यायला आला, तर दोघी एकाच वेळी त्याच्यावर ओरडल्या, "बूट!" काथी टेबलाच्या मधोमध लोळत पडायची. तिला आता कोणी निरोप सांगत नव्हतं, आणि त्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं.

लसीच्या दिवशी दुकान बंद ठेवून दोघी गेल्या. काट्यावर काथी चांगली वजनदार भरली. धाकटीने तिचे पुढचे पाय धरले, थोरलीने मान. डॉक्टरने कातडी चिमटीत उचलली, सुई आत गेली आणि बाहेर आली, आणि काथी ओरडायची विसरूनच गेली. थोरलीने मात्र डोळे गच्च मिटून घेतले होते. "एवढी दाभणं चालवतेस आणि ही सुई बघवत नाही?" धाकटी म्हणाली. "खुर्चीला दुखत नाही," थोरली म्हणाली.

"झाली लस," डॉक्टर हात धूत म्हणाला. "बाईसाहेबांना आणखी एक लस काही आठवड्यांनी लागेल, आणि जंताचं औषध मधूनमधून द्यावं लागेल. आता एक काम करा. औषध कोणीतरी एकीनेच द्यायचं असं ठरवून टाका. म्हणजे मागच्यासारखा घोळ होणार नाही, आणि एकमेकींना विचारत बसायलाही नको."

सल्ला अगदी शहाणपणाचा होता. धाकटीने मान हलवली आणि काथीला खोक्यात ठेवायला उचललं. "ताईच देईल," ती म्हणाली. "तिला सवय आहे."

"नाही," थोरली म्हणाली.

डॉक्टर नळ बंद करून वळला. धाकटीही काथीला कवेत धरून थांबली.

"एकीनंच कशाला? घरात दोघी आहोत. ज्या दिवशी जिला जमेल, ती देईल. पण दुसरीला विचारून."

"आणि विचारणार कोण आधी?" धाकटी म्हणाली.

थोरलीने तिच्या हातातून काथीला घेतलं, खोक्यात नीट बसवलं आणि झाकण लावलं.

"मी विचारीन," ती म्हणाली.